गुहेतील तरुण आणि महाविद्यालयाचे पहिले वर्ष
सूरह कहफच्या प्रकाशात नव्या विद्यार्थ्यांसाठी व पालकांसाठी एक अभ्यासपाठ

पवित्र कुरआनातील अठरावी सूरह, सूरह कहफ, आपल्या घराघरांत शुक्रवारी वाचली जाते. तिच्यात चार प्रमुख कथा आल्या आहेत: गुहेत आश्रय घेणारे तरुण, दोन बागांचा मालक, ह. मूसा (अलै.) यांचा ज्ञानप्रवास आणि जुलकरनैन यांची सत्ता. या कथांतून श्रद्धा, संपत्ती, ज्ञान आणि सत्ता यांच्या परीक्षांचा बोध विद्वानांनी घेतला आहे. प्रस्तुत पाठात पहिल्या तीन कथांकडे आपण एका विशिष्ट गरजेतून पाहणार आहोत. यंदा ज्या मुलामुलींनी शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय मागे सोडून पदवीच्या पहिल्या वर्षात पाऊल टाकले आहे, त्यांना ही सूरह काय शिकविते?

दरवर्षी पावसाळ्याच्या आरंभी देगलूर, मुखेड, भोकर आणि किनवट येथील मुले नांदेडला येतात. उदगीर, निलंगा, औसा आणि अहमदपूर येथील मुले लातूरला जातात. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांसाठी असलेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झाले. त्यापूर्वी येथील महाविद्यालये औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेली होती, आणि १९५८ मध्ये ते विद्यापीठ स्थापन होण्याआधी मराठवाड्यातील पदवीचा मार्ग हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे जात असे. आपल्या आजोबांच्या पिढीला पदवीसाठी जे अंतर कापावे लागे, ते आज एस.टी.च्या दोन-तीन तासांच्या प्रवासावर आले आहे. ही अल्लाहची मोठी कृपा आहे आणि तिचा हिशेबही द्यावयाचा आहे.

परंतु मस्जिदीत इमामत करणाऱ्याला आणखी एक गोष्ट दिसते. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेल्या मुलांपैकी काही मुले सुट्टी संपल्यावर परत जात नाहीत. वडिलांच्या दुकानात, मामाच्या गॅरेजमध्ये किंवा पुण्याच्या एखाद्या गोदामात ती कामाला लागतात. काही मुलींचे नाव पहिल्या सत्रानंतर शांतपणे हजेरीपटावरून उतरते. विचारपूस केली असता बुद्धीची कमतरता हे कारण क्वचितच निघते. वर्गातील भाषा समजली नाही, खोलीवर करमले नाही, पहिल्या निकालाची लाज वाटली, पैसे पुरले नाहीत, घरच्यांना काळजी वाटली, अशीच कारणे असतात. यांतील प्रत्येक कारणावर उपाय आहे. मात्र तो पहिल्या काही महिन्यांतच करावा लागतो.

बदल नेमका कोणता?

शाळेत वेळेचा मालक कोणी दुसरा असतो. घंटा होते, सर गृहपाठ तपासतात, गैरहजर राहिल्यास घरी निरोप जातो. महाविद्यालयात ही सारी व्यवस्था विद्यार्थ्याच्या स्वतःच्या अंतःकरणाकडे सोपविली जाते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आता पदवीचे शिक्षण श्रेयांकांत, म्हणजे क्रेडिटमध्ये मोजले जाते. महाराष्ट्रात एका सत्राला साधारण २० ते २२ क्रेडिट आणि तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात. अध्यापनाच्या एका क्रेडिटसाठी १५ तास, तर प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटसाठी ३० तास धरले जातात. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुले वैकल्पिक विषय, कौशल्य व भाषेचे अभ्यासक्रम अशी त्यांची विभागणी असते. कोणता विषय निवडला आणि अंतर्गत मूल्यमापनाचे काम केव्हा द्यावयाचे आहे, याची विचारणा करण्यास कोणी घरी येत नाही.

आता एक साधा हिशेब मांडून पाहा. आठवड्याचे तास १६८. तासिका व प्रात्यक्षिके मिळून ३० तास, रोज सात तासांप्रमाणे झोपेचे ४९ तास, वजू व मस्जिदीच्या येण्याजाण्यासह पाच नमाजांचे सुमारे १८ तास, जेवण, आंघोळ, कपडे, प्रवास यांचे रोज तीन याप्रमाणे २१ तास. हे सर्व वजा केले तरी ५० तास उरतात. या ५० तासांवर कोणाचीही देखरेख नसते. पहिल्या वर्षाचे यशापयश बहुधा याच तासांत ठरते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आरोग्य आणि फुरसत या दोन देणग्यांबाबत बहुसंख्य लोक तोट्यात राहतात, असे बजावून ठेवले आहे. विद्यार्थ्याने यांतील निम्मे तास जरी अभ्यासिकेत किंवा ग्रंथालयात घालविले, तरी खेळ, विश्रांती, घरी फोन आणि मित्र यांसाठी पुरेसा वेळ शिल्लक राहतो.

याच सूरहच्या २३व्या व २४व्या आयतींत उद्या एखादे काम करीनच असे बोलताना अल्लाहची इच्छा स्मरण्याची शिकवण आहे. आपल्याकडे 'इन्शाअल्लाह' हा शब्द कधीकधी काम टाळण्यासाठी वापरला जातो. खरे पाहता हा शब्द संकल्प करणाऱ्यासाठी आहे. ज्याने उद्याचे काम ठरविलेच नाही, त्याने इन्शाअल्लाह म्हणून काय उपयोग?

नाणे, भोजन आणि सौम्य वर्तन

गुहेतील तरुणांचा प्रसंग आपण जाणतो. एका ईश्वरावरील श्रद्धेसाठी त्यांनी आपली वस्ती सोडली आणि गुहेत आश्रय घेतला. अल्लाहने त्यांना दीर्घकाळ निद्रिस्त ठेवले. १९व्या आयतीत त्यांच्या जागे होण्याचे वर्णन आहे. किती काळ लोटला यावर त्यांच्यात थोडी चर्चा होते. मग ते ती चर्चा अल्लाहवर सोपवितात आणि आपल्यापैकी एकाला चांदीचे नाणे देऊन नगरात पाठवितात. त्याने सर्वांत शुद्ध अन्न पाहून आणावे आणि सौम्यतेने, जपून वागावे, असे ते त्याला सांगतात.

घराबाहेर राहणाऱ्या तरुणांसाठी या एका आयतीत तीन सूचना आहेत. पहिली पैशाची. नाणे सर्वांचे होते आणि ते एका विश्वासू हाती सोपविले गेले. खोलीवर चार जण राहत असतील, तर महिन्याच्या पहिल्या दिवशी भाडे, मेस, वीज आणि प्रवास यांचे पैसे वेगळे काढावेत आणि एका वहीत हिशेब लिहावा. घरून आलेला पैसा ही अमानत आहे. तो कोणाच्या तरी ऊसतोडीतून, शिवणकामातून किंवा फळांच्या गाड्यावरून आलेला असतो.

दुसरी सूचना अन्नाची. जिवाची भीती असतानाही त्या तरुणांनी अन्नाच्या शुद्धतेचा आग्रह सोडला नाही. मेसमध्ये मांस कोठून येते, हे नम्रपणे विचारावे. खात्री नसेल त्या दिवशी वरण-भात, भाजी-भाकरी घ्यावी. त्यासाठी वाद घालण्याची किंवा उपाशी राहण्याची आवश्यकता नाही. शुद्ध अन्नात शरीराला मानवणारे अन्नही येते. नाश्ता टाळून चहा-बिस्किटांवर दिवस काढणाऱ्या मुलांची प्रकृती पहिल्या सत्रातच ढासळते, याकडे दुर्लक्ष करू नये.

तिसरी सूचना वर्तनाची. त्या तरुणांना आपली श्रद्धा लपवावी लागत होती, म्हणून त्यांची सावधगिरी वेगळी होती. आपल्यावर तशी वेळ नाही. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ ने प्रत्येकाला आपला धर्म पाळण्याचा अधिकार दिला आहे. म्हणून लपण्याचे कारण नाही आणि मिरविण्याचेही नाही. वसतिगृहात शेजारच्या खाटेवर वेगळ्या धर्माचा, वेगळ्या जातीचा, वेगळ्या जिल्ह्याचा मुलगा असेल. त्याने आजवर एखाद्या मुस्लिमाला जवळून पाहिलेही नसेल. त्याच्यासाठी इस्लामचा पहिला परिचय म्हणजे तुमची स्वच्छता, तुमचा शब्द, परत केलेली वही आणि तो आजारी असताना तुम्ही आणून दिलेले जेवण हाच असेल. फज्रच्या वेळी दिवा न लावता, आवाज न करता उठणे हीदेखील शेजाऱ्याच्या हक्काची जपणूक आहे.

वसतिगृहाचे जीवन आपल्या परंपरेला नवीन नाही. उदगीरच्या जवळच असलेल्या बीदर शहरात बहमनी राज्याचे वजीर ख्वाजा महमूद गावान यांनी १४७२ मध्ये उभारलेल्या मदरशाची भव्य वास्तू आजही पाहावयास मिळते. मस्जिद, ग्रंथालय, व्याख्यानाच्या जागा आणि विद्यार्थी-शिक्षकांच्या निवासाच्या खोल्या एकाच वास्तूत होत्या. शिकणाऱ्याला राहण्याची सोय लागते, हे दख्खनच्या या भूमीला साडेपाचशे वर्षांपूर्वी ठाऊक होते.

सोबत कोणाची?

गुहेतील तरुण एकटे नव्हते. त्यांची संख्या किती होती यावर लोक वाद घालतात, आणि कुरआन त्या वादात फार न पडण्यास सांगतो. महत्त्वाची गोष्ट अशी की श्रद्धेवर टिकून राहण्यासाठी त्यांना एकमेकांचा आधार होता. २८व्या आयतीत सकाळ-संध्याकाळ आपल्या पालनकर्त्याला हाक मारणाऱ्यांच्या सोबत मन रमविण्याचा आदेश आहे.

नव्या शहरात पहिल्या पंधरा दिवसांत जे मित्र मिळतात, तेच बहुधा वर्षभर टिकतात. एकटेपणाच्या भीतीने माणूस भेटेल त्याच्या मागे जातो. म्हणून आरंभीच दोन ठिकाणे निश्चित करा: एक जवळची मस्जिद आणि दुसरे ग्रंथालय. मस्जिदीत इमामांना आणि एखाद्या वडीलधाऱ्या नमाजीला भेटून आपले नाव, गाव, महाविद्यालय सांगा. आजारपणात किंवा अडचणीत हीच ओळख कामी येते. भगिनींनी महाविद्यालयातील एखाद्या प्राध्यापिकेशी आणि वरच्या वर्गातील दोन अभ्यासू विद्यार्थिनींशी ओळख करून घ्यावी.

तंबाखू, गुटखा, मोबाइलवरील पैशांचे खेळ आणि रात्रभर चालणाऱ्या गप्पा यांची सुरुवात मित्राच्या आग्रहानेच होते. पैज लावून खेळला जाणारा खेळ मोबाइलवर असला तरी जुगारच ठरतो. आणि कोणी रॅगिंग करीत असेल, तर मुकाट्याने सोसणे हा सब्र नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी रॅगिंगवर बंदी घातली आहे आणि १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर तक्रार करता येते.

ह. मूसा (अलै.) पुन्हा विद्यार्थी होतात

या सूरहतील ६० ते ८२ या आयतींत विद्यार्थीजीवनाचा संपूर्ण पाठ आहे. सही बुखारीतील हदीसनुसार ह. मूसा (अलै.) यांना विचारले गेले की, लोकांत सर्वाधिक ज्ञानी कोण? त्यांनी स्वतःचे नाव घेतले. तेव्हा अल्लाहने त्यांना कळविले की, दोन समुद्रांच्या संगमाजवळ माझा एक दास आहे, त्याच्यापाशी तुमच्याजवळ नसलेले ज्ञान आहे. त्या दासाचे नाव हदीसमध्ये ह. खिज्र असे आले आहे. एक महान प्रेषित, ज्यांच्याशी अल्लाहने संवाद साधला, ते शिदोरी घेऊन शिकण्यासाठी निघाले. ते थकले, वाटेत जेवणाचा मासा हरवला, पुढे गेलेल्या पावलांनी परत यावे लागले; पण ते थांबले नाहीत.

गावच्या शाळेत पहिला आलेला विद्यार्थी नांदेड-लातूरच्या वर्गात येतो, तेव्हा त्याच्या शेजारी वीस गावांतले वीस पहिले बसलेले असतात. काल ज्याला सर्व येत होते, त्याला आज प्रश्नही समजत नाही. या अनुभवाने अनेक मुले खचतात. ह. मूसा (अलै.) यांचा प्रसंग सांगतो की, वरच्या पायरीवर पोहोचलेल्या माणसाने पुन्हा पहिल्या पायरीवर बसणे ही मानहानी नव्हे, ज्ञानाचा तोच रिवाज आहे.

ह. खिज्र आरंभीच सांगतात की, ज्या गोष्टीचे पूर्ण आकलन नाही, तिच्याबाबत धीर धरणे तुम्हाला कठीण जाईल. नाव फोडली जाते, एका मुलाचा मृत्यू घडतो, भिंत उभारली जाते. प्रत्येक वेळी शिष्याला राहवत नाही. अर्थ शेवटी उलगडतो. पहिल्या वर्षाचे काही विषय आणि काही प्राध्यापकांची शिस्त अशीच निरर्थक वाटते. चार आठवड्यांत 'हा विषय आपल्यासाठी नाही' असा निर्णय घेणाऱ्याने हा प्रसंग पुन्हा वाचावा. येथे एक भेदही लक्षात ठेवावा. ह. खिज्र यांनी जे केले ते अल्लाहच्या खास आज्ञेने केले, असे ते स्वतः सांगतात. आजच्या शिक्षकाला प्रश्न विचारणे हा बेअदबपणा नाही. प्रश्न नम्रतेने आणि आधी वाचून येऊन विचारावा, एवढाच अदब आहे.

भाषेची भिंत

उर्दू माध्यमातून दहावी-बारावी झालेल्या मुलांपुढे सर्वांत मोठी अडचण भाषेची असते. घरी दखनी, शाळेत उर्दू, महाविद्यालयात मराठी आणि पुस्तकात इंग्रजी. यातून 'आपल्याला काही येत नाही' असा समज होतो. हा समज चुकीचा आहे. विषय येत असतो, त्याचे नाव येत नसते.

इतिहासाकडे पाहिले तर मनाला धीर येईल. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. त्या काळी मराठवाड्यातील मराठीभाषक मुलांनी उर्दू शिकून विज्ञान, कायदा आणि इतिहास यांचे अध्ययन केले. आपल्या शेजाऱ्यांच्या वाडवडिलांनी जे परिश्रम घेतले, तेच आज उलट दिशेने आपल्या मुलांना घ्यावयाचे आहेत. आणि ही भाषा परकी नाही. प्रा. यू. म. पठाण हे औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात मराठीचे विभागप्रमुख होते. १९९० साली पुण्यात झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

मी स्वतः मदरशातील शिक्षणानंतर मराठी विषय घेऊन बी.ए. केले. आरंभी व्याकरणाच्या संज्ञा अनोळखी वाटल्या. पुढे ध्यानात आले की, अरबी नह्वमध्ये ज्याला फाइल म्हणून शिकलो तो येथे कर्ता आहे, मफऊल ते कर्म आहे आणि एराबची शिकवण विभक्तीच्या प्रकरणात साह्य करीत आहे. जुने ज्ञान वाया जात नाही. त्याचा नव्या ज्ञानाशी सांधा जोडावा लागतो.

यासाठी एक सोपा उपाय सुचवितो. एका वहीत तीन रकाने आखा: उर्दू, मराठी, इंग्रजी. अर्थशास्त्राचा विद्यार्थी पहिल्या ओळीत 'तलब – मागणी – डिमांड' लिहील, दुसरीत 'रसद – पुरवठा – सप्लाय'. विज्ञानाचा विद्यार्थी 'कसाफत – घनता – डेन्सिटी' लिहील. रोज दहा शब्द लिहिले तर एका सत्रात हजाराच्या आसपास शब्द होतात, आणि एवढ्या शब्दांवर पहिल्या वर्षाचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडते. त्यासोबत रोज एक मराठी वृत्तपत्र मोठ्याने वाचावे. वर्गमित्र उच्चारावर हसला तर आपणही हसावे आणि योग्य उच्चार त्यालाच विचारावा.

नमाज आणि वेळापत्रक

तासिकांमुळे नमाज होत नाही, अशी तक्रार ऐकू येते. प्रत्यक्षात आपल्या भागात जुहरची वेळ दुपारी साडेबाराच्या सुमारास सुरू होऊन पुढे काही तास राहते; मधल्या सुट्टीत चार रकअत फर्ज सहज होते. खरी दक्षता हिवाळ्यात घ्यावी लागते. डिसेंबरात नांदेडला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दुपारच्या प्रात्यक्षिकात अस्रची वेळ निघून जाण्याची शक्यता असते. वेळापत्रक मिळताच त्यावर पाचही नमाजांच्या वेळा पेन्सिलने लिहून ठेवा.

जुम्याची नमाज शहरातील मस्जिदींत वेगवेगळ्या वेळी होते. आपल्या तासिकेला सोयीची जमाअत कोठे आहे, हे पहिल्याच आठवड्यात शोधा. प्रात्यक्षिकाच्या तुकड्या ठरत असताना शुक्रवारी दुपारची तुकडी बदलून मिळावी, असा लेखी अर्ज विभागप्रमुखांना द्या. तुकड्या निश्चित होण्यापूर्वी केलेली नम्र विनंती सहसा मान्य होते. दोन महिने गैरहजर राहून नंतर केलेली तक्रार मान्य होत नाही. हजेरीची ७५ टक्क्यांची अट ही आपण प्रवेश घेताना मान्य केलेली अट आहे, आणि करार पाळणे हा दीनचाच भाग आहे.

वसतिगृहातील मुले कस्रबद्दल विचारतात. हनफी मतानुसार जो विद्यार्थी दुसऱ्या शहरात सलग पंधरा दिवस किंवा अधिक राहण्याच्या इराद्याने आला आहे, तो तेथे मुसाफिर राहत नाही. त्याने नमाज पूर्ण अदा करावी. दर आठवड्याला गावी ये-जा करणाऱ्यांनी आपली स्थिती सांगून जवळच्या आलिमांकडून मसला समजून घ्यावा.

निकाल आणि निराशा

दोन बागांच्या मालकाची कथा ३२ ते ४४ या आयतींत आहे. त्याला वाटले की, आपली बाग कधीच नष्ट होणार नाही. त्याच्या निर्धन सोबत्याने त्याला दात्याची आठवण करून दिली. पण त्याने मानले नाही आणि बाग उद्ध्वस्त झाली. बारावीचे गुण, नामांकित महाविद्यालयातील प्रवेश, ही अशीच बाग आहे. ती मिळाली तर 'माशाअल्लाह' म्हणावे, आणि ज्याला मिळाली नाही त्याला कमी लेखू नये.

लातूरला तर शाळा आणि विद्यापीठ यांच्यामध्ये आणखी एक वर्ष, कधी दोन वर्षे, उभी असतात. वैद्यकीय प्रवेशाच्या ७२० गुणांच्या परीक्षेसाठी राज्यभरातून मुले तेथे येतात. त्यांतील सर्वांना ती जागा मिळणे शक्यच नसते, कारण जागा मोजक्या आहेत. ज्याला मिळाली नाही, त्याची उपजीविका बंद झालेली नसते. औषधनिर्माण, परिचर्या, कृषी, मूलभूत विज्ञान, अध्यापन, कायदा, असे कितीतरी मार्ग खुले असतात. पहिल्या सत्रात एखादा विषय राहिला, तर तो पुन्हा देता येतो.

मन फारच खचत असेल, झोप उडाली असेल, जगण्याचा कंटाळा येत असेल, तर ही गोष्ट ईमानाच्या कमजोरीची समजून लपवू नका. ह. याकूब (अलै.) पुत्रवियोगाने इतके व्यथित झाले की त्यांचे डोळे पांढरे पडले, असे सूरह यूसुफमध्ये आले आहे, तरी ते प्रेषित होते आणि अल्लाहच्या कृपेबद्दल निराश झाले नाहीत. जीव अल्लाहची अमानत आहे आणि आजारावर उपचार करणे ही प्रेषितांची शिकवण आहे. केंद्र शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनाशुल्क उपलब्ध आहे. घरी, इमामांना किंवा एखाद्या शिक्षकांना त्याच दिवशी सांगा.

पालकांसाठी: भिंत आणि खजिना

आदरणीय पालकहो, ह. खिज्र यांनी जी झुकलेली भिंत मजुरी न घेता उभी केली, ती दोन अनाथ मुलांची होती. तिच्याखाली त्यांचा खजिना होता आणि त्यांचे वडील सदाचारी होते. अल्लाहची इच्छा होती की, मुलांनी वयात यावे आणि आपला खजिना स्वतः बाहेर काढावा. येथे भिंत खजिन्याच्या रक्षणासाठी आहे, तीही मुले समर्थ होईपर्यंत. खजिना कायमचा भिंतीखालीच राहावा, हा तिचा हेतू नाही. मुलांना आपण जी तरबियत दिली, ती त्यांच्याजवळ आहे; आता ती वापरण्याची संधी त्यांना द्यावयाची आहे.

मुलींच्या बाबतीत आपली चिंता मी जाणतो आणि तिला हसण्यावारी नेत नाही. ह. मूसा (अलै.) यांच्या मातेने तान्ह्या बाळाला नदीत सोडले, तेव्हा तिचे हृदय रिते झाले होते, असे सूरह कससमध्ये आले आहे. तिने काय केले? मुलीला बाळाच्या मागावर पाठविले. ती मुलगी कोणाच्या लक्षात न येता दुरून पाहत राहिली आणि फिरऔनच्या लोकांपुढे जाऊन इतक्या शहाणपणाने बोलली की बाळ मातेच्या कुशीत परत आले. एका मुलीच्या धैर्यावर आणि समजुतीवर त्या घराने विश्वास ठेवला होता. आदरणीय आयेशा (रजि.) यांच्याकडून दोन हजारांहून अधिक हदीसी आपल्यापर्यंत पोहोचल्या आहेत; मोठमोठे सहाबा त्यांच्याकडे प्रश्न घेऊन येत. तेव्हा मुलीचे शिकणे थांबविणे हा चिंतेवरचा उपाय होऊ शकत नाही. चिंता दूर होईल अशी व्यवस्था करणे, हा उपाय आहे.

ती व्यवस्था अशी: आईवडिलांनी स्वतः जाऊन वसतिगृह पाहावे, रेक्टर कोण, दरवाजा केव्हा बंद होतो, महाविद्यालयाचे अंतर किती, जेवण कसे, हे विचारावे. प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असणे कायद्याने बंधनकारक आहे; तिच्या सदस्य प्राध्यापिकांचे नाव लिहून घ्यावे. दररोज ठरलेल्या वेळी फोन करावा, पण त्याची उलटतपासणी होऊ देऊ नये. जी मुलगी चूक किंवा अडचण घरी निर्भयपणे सांगू शकते, ती सर्वांत सुरक्षित असते.

खर्चाची माहितीही वेळेवर घ्यावी. महाडीबीटी पोर्टलवर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या इतर मागास वर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गातील मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात पूर्ण सवलत आहे. आपल्यातील अनेक बिरादऱ्या इतर मागास वर्गाच्या यादीत आहेत. परंतु जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र वेळेवर काढले जात नाही आणि हक्काची सवलत हातची जाते. दहावीच्या वर्षीच ही कागदपत्रे तयार ठेवावीत. व्याजाच्या कर्जाचा विचार करण्यापूर्वी हे सर्व दरवाजे ठोठावून पाहावेत. मस्जिदींच्या कमिट्यांनीही जकात व सदक्याच्या रकमेतून पात्र विद्यार्थ्यांच्या मेसचा खर्च उचलण्याचा विचार करावा. महिन्याच्या मेससाठी पैसे नाहीत म्हणून एखादी हुशार मुलगी घरी परतत असेल, तर त्याचा प्रश्न सबंध मोहल्ल्याला विचारला जाईल.

घरी एकत्र बसून करावयाचा अभ्यास

येत्या शुक्रवारी सूरह कहफचे वाचन झाल्यावर घरातील सर्वांनी अर्धा तास बसावे आणि पुढील प्रश्नांवर बोलावे.

१. गुहेतील तरुणांनी नगरात पाठविलेल्या सोबत्याला कोणत्या सूचना दिल्या? आपल्या मुलामुलींना जाताना आपण कोणत्या सूचना दिल्या?

२. ह. मूसा (अलै.) यांना प्रवासात कोणकोणत्या अडचणी आल्या? माझ्या पहिल्या सत्रातील सर्वांत मोठी अडचण कोणती आणि ती मी कोणाला सांगितली आहे?

३. माझ्या आठवड्यातील ५० मोकळे तास कोठे जातात?

४. आपल्या ओळखीत पहिल्या सत्रानंतर शिक्षण सोडलेला कोणी आहे काय? त्याला परत पाठविण्यासाठी आपण काय करू शकतो?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर केवळ बोलून संपवू नये. त्या घरी जावे, बसावे, कारण विचारावे. नवीन धोरणात मिळविलेले क्रेडिट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा राहतात आणि शिक्षण पुन्हा सुरू करता येते. एखाद्या मुलाचे बोट धरून त्याला महाविद्यालयाच्या कार्यालयापर्यंत नेणे, हेही कोणाची तरी झुकलेली भिंत उभी करण्यासारखेच काम आहे, आणि त्याची मजुरी अल्लाहपाशी आहे.

हे अल्लाह, आमच्या मुलामुलींना लाभदायक ज्ञान दे, परक्या गावी त्यांचा सांभाळ कर, त्यांना चांगली सोबत दे आणि त्यांच्या आईवडिलांच्या मनाला समाधान दे. आमीन.